टिकल्यांचं विरजण

त्या सकाळी मला कोठीतल्या आंबवलेल्या काकड्यांच्या बरण्या तळघरात हलवायच्या होत्या. काम एवढंच. उत्तरेच्या खिडकीखालची फळी रिकामी हवी होती, कारण तिथे ऊन येत नाही आणि गारवा दिवसभर एकसारखा राहतो. शेपू आणि लसणाचा वास त्या लाकडात इतका मुरलेला की सोड्याने घासूनही जाईना. म्हटलं, राहू दे. वासाने स्फटिक बिघडत नाहीत.

आमचं शेत सास्काटूनपासून लांब आहे. नवरा गेल्यावर जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आणि घर तेवढं ठेवलं. त्याआधीचं सगळं आयुष्य मी विद्यापीठातल्या क्ष-किरणांच्या खोलीत काढलं. शाळा आठवीला सुटली. पुढचं वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि यंत्रं उघडून शिकले, आणि त्याबद्दल मला कुणाची कीव नको, कौतुकही नको. स्फटिक कसा वाढवायचा, केसासारख्या काचेच्या काडीवर कसा चिकटवायचा, त्याच्यातून किरण सोडल्यावर फिल्मवर उमटणारी वर्तुळं कशी वाचायची, हे मला येतं. निवृत्त झाले तेव्हा खोलीतला जुना कॅमेरा नळीसकट भंगारात चालला होता. तो मी ट्रकमध्ये घालून घरी आणला. परवाना आहे का, हे विचारायला एवढ्या लांब अजून तरी कुणी आलेलं नाही.

फळी रिकामी करायची ती सिग्रिडसाठी.

सिग्रिड ही लॉर्न हालव्होर्सनची मुलगी, आणि लॉर्न त्या खोलीचा प्रोफेसर. आई व्हँकुव्हरला निघून गेली तेव्हा ही पोर माझ्या टेबलाखाली बसून रंगीत खडूंनी चित्रं काढायची. मला मावशी म्हणायची, अजून म्हणते. मोठी झाल्यावर तिचे स्नायू हळूहळू दगा द्यायला लागले. आधी पाय गेले, मग श्वास. त्या आजारावर एक औषध आहे, पण रुग्ण इतके थोडे की ते कुणी बनवत नाही. म्हणून लॉर्नच बनवायचा. पांढऱ्याशुभ्र सुयांसारखे स्फटिक. पोटात गेले की विरघळायचे, आणि सिग्रिड चार पायऱ्या चढायची.

गेल्या सप्टेंबरात त्याचा फोन आला.

"स्तेफा, तू इकडे शेवटची कधी आली होतीस?"

"मे महिन्यात. तुझ्या वाढदिवसाला. का, केक उरलाय?"

"येऊ नकोस. आता इकडे अजिबात येऊ नकोस."

मग त्याने सगळं सांगितलं. एका सकाळी त्याच्या चंबूत सुया नव्हत्या. त्यांच्याऐवजी चपट्या, सहा कोनांच्या, आरशासारख्या लखलखणाऱ्या टिकल्या होत्या. त्याने एक उचलून किरणांपुढे धरली. रेणू तोच होता, एक अणू इकडचा तिकडे नाही. फक्त शेजाऱ्याचा हात धरायची तऱ्हा बदलली होती, त्यामुळे सगळे जास्त घट्ट बसले होते. अवरक्त किरणांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या कुणी असली बाटली नाक मुरडून ओतून दिली असती. पण हा आयुष्यभर स्फटिकांच्या मागे लागलेला माणूस. तो हरखला. बाटली घेऊन खोलीखोलीत फिरला, प्रत्येक खिडकीत उन्हाला लावून हलवून दाखवली. "बघा तर खरं, काय देखणी आहे!" अशी चूक आमच्यातलाच माणूस करतो.

त्यानंतर सुया झाल्या नाहीत. ना त्याच्या खोलीत, ना शेजारच्या. एडमंटनला जाऊन एका मित्राकडे करून पाहिल्या, तर तिथेही टिकल्याच झाल्या आणि त्या मित्राची खोलीही कायमची बाटली. दुधात विरजण पडावं तसं हे असतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढा एक कण पुरतो. तो कपड्यांवर बसतो, केसांत बसतो, हवेत तरंगतो. एकदा का घट्ट बसणारी तऱ्हा रेणूंना सापडली की सैल तऱ्हेकडे ते परत येत नाहीत. आणि टिकली पोटात विरघळत नाही. गिळली तशीच बाहेर पडते.

"दाढी काढली," लॉर्न फोनवर म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. कण बसतात ना तिच्यात. सिग्रिड म्हणते, बाबा, बटाटा दिसताय."

मी हसले. तो नाही हसला.

"कच्चा माल परदेशातून थेट तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलंय," तो म्हणाला. "टिकली जन्मल्यापासून तू इथे आलेली नाहीस. सुया आता फक्त तुझ्याकडेच होऊ शकतात. आणि स्तेफा… मी तुझ्याकडे येणार नाही. कधीच नाही. कळलं ना?"

"कळलं. मी काय बहिरी आहे?"

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. दारापुढचा बर्फ उपसताना फावड्यावरच तो कोसळला. अंत्यविधीला मी गेले नाही. चर्चमध्ये त्याचे सगळे सहकारी असणार, त्यांच्या कोटांवर काय काय असणार. लोकांनी तोंडं वाकडी केली म्हणे. करू देत. सिग्रिडने मात्र एका शब्दाने विचारलं नाही. तिने वडिलांचं घर सोडलं, जुने कपडे जाळले, नवी जागा घेतली आणि बंद पाकिटातल्या जुन्या गोळ्या जपून घ्यायला सुरुवात केली. त्या हिवाळा संपेपर्यंत पुरतील असा अंदाज होता. पुढचं माझ्या फळीवर.

तर त्या सकाळी बरण्या हलवल्या, चंबू ठेवला आणि वर ताट झाकलं. काही दिवसांनी ताट उचललं तर तळाशी दव गोठावं तशा सुया उभ्या राहिल्या होत्या. मी तिथेच पिठाच्या पिंपावर बसले. मग फोन लावला.

"झाल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मावशी, खोटं बोलत असलीस तर मी तिथे येऊन तुझ्या सगळ्या काकड्या खाईन."

"आधी जिना उतरून दाखव."

"लिफ्ट आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी रडलो. रडणं लवकर आटोपलं, कारण तिला दम लागला.

आमच्याकडे जानेवारीत काही दिवस असे येतात की हवेतली वाफच गोठून स्फटिक होते. आभाळ निरभ्र असतं आणि भर दुपारी त्यातून चमचमणारी धूळ सावकाश खाली येत राहते. सूर्याच्या दोन्ही अंगांना आणखी दोन सूर्य दिसतात. त्यांना आम्ही सूर्याची कुत्री म्हणतो. हवेतले बर्फाचे कण चपटे असले तरच ती दिसतात. त्या दिवशी आवाज नावाची गोष्ट उरत नाही. पक्षी नसतात, वारा नसतो, तारा वाजत नाहीत. आपल्या कानातलं रक्त तेवढं ऐकू येतं.

अशा एका दुपारी मी चुलीपाशी बटाटे सोलत होते आणि बाहेर पावलं वाजली.

एवढ्या थंडीत बर्फावर पाऊल पडलं की तो करकरतो. ही करकर नव्हती. फरशीवर सांडलेली साखर कुणी हलक्या हाताने झाडावी, तसा आवाज होता. तो पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला. मग वास आला. नखांचा रंग काढायच्या औषधासारखा, गोडसर आणि थंड. प्रयोगशाळेचा वास. माझ्या घरात तो असायचं कारण नव्हतं.

पुढच्या दाराला बाहेरून काचेचं दुसरं दार आहे. मी आतलं उघडलं. काचेपलीकडे लॉर्न उभा होता.

पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं: "तिथेच थांब. एक पाऊल पुढे टाकू नकोस."

"नाही टाकत," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

त्याच्या अंगावर दर हिवाळ्यात बर्फ उपसताना घालायचा तोच कोट होता. तोंडातून वाफ येत नव्हती. आणि दाढी परत आली होती, छातीपर्यंत, आणि ती चमकत होती. दवाने चमकते तशी नाही. प्रत्येक केसावर एकेक आरसा बसवावा तशी. तो मान हलवायचा तेव्हा माझ्या पोर्चच्या छतावर उजेडाचे ठिपके धावायचे.

"लॉर्न, तू मेलायस."

"हो." जरा ओशाळून म्हणाला. किरणमापक बिल्ला न लावता खोलीत शिरला की मी ओरडायचे, तेव्हा म्हणायचा तसं. "झाल्या का गं सुया?"

"झाल्यात. आणि तू इथे उभा राहिलास तर टिकायच्या नाहीत. जा."

"सिग्रिडला पोचतील ना?"

"पोचतील. जा म्हणते ना!"

"एकदा बघू दे की… काचेतून. लांबूनच."

"नाही."

त्याने मान डोलावली आणि पायऱ्या उतरला. कुठे गेला ते दिसलं नाही, कारण तिन्ही सूर्यांचा उजेड डोळ्यांत शिरला. मी दार लावलं. चुलीवरचं भांडं न सांडता उतरवून ठेवलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढचं मी भ्रमात पाहिलं असं कुणी म्हणायला नको.

कोठी घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधे तीन बंद दारं. मी कोठीचं दार उघडलं तर आतून बारीक आवाज येत होता. चिट्… चिट्… तापलेली काच निवताना येतो तसा. चंबूतल्या सुया मुळापासून ढासळत होत्या आणि खाली टिकल्या जमत होत्या. एकमेकींवर, घट्ट, फट न ठेवता. मी पाहत होते तोवर शेवटची सुई आडवी झाली.

चिमूटभर घेऊन कॅमेऱ्यात घातली, न्हाणीत लाल दिवा लावून फिल्म धुतली. सुईचं एक वर्तुळ अगदी मध्याजवळ असतं. ते नव्हतं. त्याच्या बाहेर आगगाडीच्या रुळांसारखी दोन वर्तुळं जोडीने होती. टिकलीची.

मी काही भोळी बाई नाही. म्हटलं, कुठून तरी कण आला असेल. टपालाच्या खोक्यावरून, दुकानातल्या कुणाच्या मफलरवरून. सगळी कोठी तुळयांपर्यंत धुतली. स्वतःचे केस कापले. दुसरा चंबू तळघरात ठेवला, दाराच्या फटीत ओली चादर कोंबली. सिग्रिडला फक्त एवढंच सांगितलं की पहिला घाणा बिघडला.

"वाटलंच," ती म्हणाली. "तू फोनवर गोड बोलायला लागलीस की काहीतरी बिघडलेलं असतं."

एक गोष्ट मात्र मला हिशेबात धरता येईना. कॅमेऱ्याच्या फिल्मचं न उघडलेलं खोकं मी पोर्चमध्ये ठेवते. थंडीत फिल्म चांगली राहते. ते त्या दुपारी लॉर्नच्या कोपरापाशी, फळीवर होतं. त्यातली पहिलीच कोरी फिल्म काढून मी तशीच धुतली, नुसती तपासायला म्हणून. किरण सोडलेले नाहीत, यंत्र सुरूही नाही. तिच्यावर वर्तुळं होती. रुळांसारखी, जोडीने. खोक्यातल्या प्रत्येक फिल्मवर होती.

म्हणजे तो अंगावर विरजण घेऊन आला नव्हता. तो स्वतःच ते झाला होता.

तळघरातल्या चंबूत सुया उगवल्या त्याच दिवशी आभाळात पुन्हा तीन सूर्य आले. मी दार उघडायच्या आधीच तो पायरीवर होता.

"तुला कळतं तरी कसं रे?" मी विचारलं.

"झाल्या की… ओढ लागते." तो काचेच्या जरा जवळ आला. काचेवर माझ्या बाजूने सहा कोनांची फुलं फुटायला लागली. "तिला बरं वाटेपर्यंत मला राहवत नाही, स्तेफा."

"बरी आहे ती. मस्त आहे. जा आता."

"नाही. काल तिच्या दारापाशी होतो. चहाचं भांडं दोन्ही हातांनी उचलते. मधेच थांबते." त्याने डोळे मिटले. पापण्यांवरही तेच होतं. "आत नाही गेलो. जिन्यातूनच ऐकलं."

"तू तिच्या दारापाशी जातोस?" माझा आवाज पहिल्यांदा चढला. "तिच्या गोळ्या आहेत तिथे, मूर्खा! त्याच तेवढ्या उरल्यात!"

त्याने डोळे उघडले. मग हळूच, आम्ही दोघं यंत्रापाशी बसून बोलायचो तसं म्हणाला, "पण इकडे वाईट नाही गं. सगळं घट्ट बसतं. मधे जागाच राहत नाही… दुखायला. शेवटी सगळ्याचं हेच व्हायचं असतं, तुलाही माहीत आहे. जे जास्त घट्ट, तेच उरतं."

"तुझी विद्या तुझ्यापाशी ठेव," मी म्हटलं आणि आतलं दार त्याच्या तोंडावर लावलं. तळघरातून चिट् चिट् ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी सिग्रिडला मी सगळं सांगितलं. ती मोठी बाई आहे, जीव तिचा आहे. ऐकून तिने विचारलं ते भलतंच.

"बाबा कसे दिसतात?"

"दाढी आली आहे."

"खरंच?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "मी येऊ का तिकडे? एकदाच. मला त्यांना निरोपही देता आला नाही गं, मावशी."

"नाही."

"मी सांगितलं तर ऐकतील. माझं ऐकायचे."

"तुझं तर तो कधीच ऐकत नव्हता. शाळेच्या सहलीला तुझ्या बसमागे गाडी घेऊन गेला होता, विसरलीस?"

ती हसायला गेली आणि तिला दम लागला. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. परत यायला तिला इतका वेळ लागला की मी चुलीत दोनदा लाकडं सारली. आली तेव्हा म्हणाली, "पाकिटातल्या गोळ्या बघितल्या मी. काही चमकतायत."

"किती?"

"मावशी… बऱ्याच."

मी रात्रभर जागी होते असं काही नाही. मी झोपले, कारण उरलेल्या कच्च्या मालात एकच चंबू भरणार होता आणि त्यासाठी हात स्थिर हवा होता. पण झोपायच्या आधी माझं ठरलं होतं.

बाप बरी झालेली मुलगी पाहिल्याशिवाय जाणार नव्हता, आणि तो गेल्याशिवाय मुलगी बरी होणार नव्हती. यातून वाट एकच होती. आजही कुणी विचारलं तर मी तीच सांगेन.

फेब्रुवारीच्या शेवटाला सुया दिसू लागल्या. मी चंबूवर ताट झाकलं, दुखवट्याचा काळा स्वेटर घातला आणि आतलं दार उघडून, काचेच्या दारामागे खुर्ची टाकून, त्याची वाट पाहत बसले. दुपार टळायला आली होती. शेतावरचा बर्फ निळसर पडत चालला होता. दोन्ही कुत्री सूर्याला चिकटून होती.

साखर झाडल्याचा आवाज कुंपणापासून सुरू झाला. या खेपेला तो घाईत होता.

"झाल्या ना?" तो पायरी चढायच्या आतच म्हणाला. "झाल्या, हो ना? या तरी—"

"आता त्यांचा उपयोग नाही, लॉर्न."

तो थांबला.

"सिग्रिड गेली," मी म्हटलं.

आयुष्यात मी पुष्कळ लोकांना पुष्कळ कडू बोलले आहे, सगळं खरं. हे एकच खोटं, आणि ते मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलले. माझ्यावर त्याचा पहिल्यापासून विश्वास. मी अमुक वर्तुळ आहे म्हटलं की तो फिल्म न बघता लिहून घ्यायचा.

त्याच्या दाढीतला उजेड एकेक करून मंदावला.

"कधी…"

"काल. पहाटे."

"त्रास…"

"नाही झाला."

तो पायऱ्या चढून वर आला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, गर्दीत हात सुटलेलं मूल शोधावं तसं. माझ्या मागे, घरात, एकदाही पाहिलं नाही.

"मला दिसली नाही," तो म्हणाला. "तिकडे… दिसायला हवी होती."

"जागा मोठी असेल. शोध जा."

"एकटीच गेली?"

याचं उत्तर त्याला नकोच होतं. तो वळला होता. पायऱ्या उतरून, आवार ओलांडून, नांगरलेल्या रानात शिरला आणि धावायला लागला. लॉर्नला मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. लांबून त्याची हाक ऐकू येत राहिली, तिचं नाव, लहानपणी हाक मारायचा तसं, शेवटचं अक्षर लांबवून. मग तीही थांबली. हवेतली धूळ खाली बसली आणि आकाशात एकच सूर्य उरला.

मी कोठीत गेले. आवाज नव्हता. ताट उचललं. सुया उभ्या होत्या.

त्या सुयांचं विरजण लावून पुढचे घाणे काढले. माल नवा मागवला होता, तोही सुयाच झाला. कॅप्सूल भरून टपालाने पाठवत गेले. एप्रिलमध्ये सिग्रिड म्हणाली, जिना उतरले. मेमध्ये म्हणाली, चढलेही. तो परत आला नाही.

"बाबा येतात का गं अजून?" तिने एकदा विचारलं.

"नाही."

"काय सांगितलंस त्यांना?"

"जा म्हटलं."

"आणि गेले?"

"माझं ऐकायचा तो," मी म्हटलं.

जून महिन्यात ती स्वतः गाडी चालवत माझ्याकडे आली. दारातून स्वयंपाकघरापर्यंत काठीशिवाय चालली, काकडीची अख्खी बरणी संपवली, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, आमच्या पेरोह्या, त्यांच्यावर साय ओतून घेतली. मी नुसती बघत बसले. मग म्हणाली, बाबांच्या थडग्यावर जाऊ या, तू एकदाही गेली नाहीस. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "पुरलेल्या माणसाचं आता काय विरजण लागणार, मावशी?" असं म्हणून तिने माझा कोट माझ्या अंगावर टाकला. ती स्वतःच्या पायांवर उभी होती. अशा वेळी तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

नॉर्वेच्या लोकांचं ते जुनं चर्च गावापासून लांब, मोहरीच्या शेतांच्या मधे आहे. पिवळी फुलं आली होती. हवा गरम होती, मधमाश्या होत्या, गवत गुडघ्याएवढं. सिग्रिड पुढे गेली आणि मी फाटकाची कडी लावत होते.

"अगं, हे बघ," ती ओरडली. "जूनमध्ये बर्फ!"

लॉर्नच्या दगडाला लागून, डाव्या अंगाला, जमिनीवर पांढरी पट्टी होती. कडा सरळ, कोपरे चौकोनी, गवत त्याबाहेर व्यवस्थित थांबलेलं. एक माणूस निजेल एवढी लांब. उंच माणूस नव्हे, सिग्रिडएवढं कुणीतरी. एका टोकाला उशीसारखा उंचवटा होता. त्यावर ऊन पडलं होतं आणि ते वितळत नव्हतं. टिकल्यांसारखं लखलखत होतं.

मी हाक मारली तोवर ती गुडघ्यांवर बसली होती आणि तळवा त्यावर टेकवला होता.

"मावशी," ती म्हणाली, चेहऱ्यावर नवल, "हे गार नाहीये. ऊबदार आहे."

मी तिची कॉलर धरून तिला उठवलं. ती रागावली, काय झालं म्हणून विचारत राहिली. मी तिला फाटकापर्यंत ओढत नेलं. या वयात एवढा जोर कुठून आला माहीत नाही. कडी काढताना मी एकदाच मागे पाहिलं. तिच्या हाताचा ठसा बुजून गेला होता. उशाकडची कड मात्र, मघाशी सपाट होती ती, आता जराशी दुमडलेली होती. कुणाला तरी आत शिरता यावं म्हणून पांघरूण उचलून धरावं, तशी.